रिकाम्या पेटीचं वजन

आंबोलीपासून आत, चौकुळच्या अंगाला असलेल्या सड्यावर त्या उन्हाळ्यात रोज दुपारी एक मजेशीर दृश्य दिसायचं. जांभ्या दगडाच्या उघड्याबोडक्या पठारावर पंधरा-वीस धडधाकट माणसं पश्चिमेकडे तोंड करून उभी असायची. वऱ्हाडाच्या गाडीला उशीर झाला की मांडवातली मंडळी फाट्याकडे बघत राहतात ना, तशी. पुढ्यात सरळसोट कडा, खाली तळकोकण आणि पार लांब चमकणारा समुद्र. त्या समुद्रावरून वारा निघाल्याशिवाय त्यांच्या विमान कंपनीचं पान हलत नसे.

कंपनीचं नाव 'खारेवारे कार्गो'. नाव ऐकून लोकांना ही फुटाण्या-शेंगदाण्यांची कंपनी वाटायची. शलाका गावडे तिची उड्डाणप्रमुख. चौकुळचीच मुलगी, शहरातल्या विमानतळावर मालवाहतुकीत काही वर्षं काढून हट्टानं गावी परतलेली. समोरच्या स्क्रीनवर वाऱ्याचा वेग आकड्यांत दिसायचा, पण गालाला वारा लागल्याशिवाय तिचा हात वर जायचा नाही. हात वर गेला की कड्यापाशी बसवलेला विजेचा रहाट दोर ओढायला लागायचा, आणि लांबलचक पांढऱ्या पंखांचं एक विमान सड्यावरून घसरत घसरत थेट कड्याबाहेर झेप घ्यायचं. त्यात माणूस नसायचा आणि इंजिनही नसायचं.

क्षणभर ते खाली जायचं. मग कड्यावर आपटून वर उसळलेला वारा त्याला अलगद उचलायचा आणि ते डोक्यावरून उत्तरेकडे वळायचं. रोज बघूनही शलाकाला रोज लहान पोरीसारख्या टाळ्या पिटाव्याशा वाटायच्या. बऱ्याचदा ती पिटायचीही.

यातलं शास्त्र तसं जुनंच. दुपारी जमीन तापते, समुद्रावरचा वारा जमिनीकडे धावतो आणि सह्याद्रीच्या भिंतीला धडकतो. पुढे वाट नाही म्हटल्यावर तो वर चढतो. घारी-गरुड या चढत्या वाऱ्यावर पंख न हलवता कोसच्या कोस जातात, आणि इंजिनाशिवाय उडणारी माणसंही शंभर वर्षं तेच करत आली होती. अडचण एकच होती, वारा दिसत नाही. कुठे चढता आहे, कुठे अचानक बुडता आहे, हे आत शिरल्यावरच कळतं.

निरंजन तेलंग या इंजिनिअरनं ती अडचण सोडवली. विमानाच्या नाकात त्यानं लेझरचा डोळा बसवला. हवेत तरंगणारी धूळ आणि बाष्पाचे कण कसे सरकताहेत ते हा डोळा अर्धा किलोमीटर आधी बघायचा, म्हणजे विमानाला वारा चक्क दिसायचा. शिवाय प्रत्येक विमान आपला अनुभव बाकीच्यांना कळवायचं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हे इथे शब्दशः खरं होतं. दोन महिन्यांत घार, शिक्रा, कापशी आणि मोरघार या चार विमानांनी आंबोलीपासून मुळशीच्या डोंगरांपर्यंतचा कडा असा पाठ केला की निरंजन म्हणायचा, आता मी मेलो तरी चालेल. शलाका म्हणायची, आधी कायमची परवानगी येऊ दे, मग बघू.

दुपारी झाडावरून उतरवलेला आंबा, ओले काजूगर, अबोलीच्या वेण्या असा माल थेंबभर इंधन न जाळता संध्याकाळी पुण्याच्या दारात पोचत होता. परतीची फेरी मात्र रिकामी. संध्याकाळी वारा मंदावतो, तेव्हा विमान हलकं असलेलं बरं, असा निरंजनचा हिशेब होता. जाताना माल काट्यावर मोजला जाई. येताना, विमानं जिथे उतरायची त्या मुळशीच्या शेडमधून कुणीतरी 'रिकामं' हे बटण दाबायचं, की काम झालं. वजन कमी ठेवायच्या नादात विमानावर वेगळा काटा बसवलेलाच नव्हता.

ते बटण दाबायची शलाकाची आत्या, शेवंताआत्या. लग्न होऊन ती मुळशीला गेली त्याला चाळीस वर्षं झाली, पण तिची मालवणी काही सुटली नव्हती. शेडचं सगळं काम तिच्या आणि तिच्या पाच मैत्रिणींच्या हाती होतं. आणि बटण दाबण्यापूर्वी आत्या प्रत्येक पेटीत काहीतरी ठेवायची. आंबेमोहोर तांदूळ, वाल, कुरड्या, हळदीची पानं. आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, हे जसं शेजारणीच्या डब्याला लागू तसंच विमानाच्या पेटीला, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. शलाकानं एकदा थट्टेत विचारलं होतं, तर उत्तर आलं, "पेटी रिकामी धाडूक मी काय तुमची वैरीण आसंय?"

सड्यावरची मंडळीही काही कमी नव्हती. संध्याकाळी विमान उतरलं की सगळे आधी पेट्यांकडे धावत, विमानाला काय झालं-गेलं ते नंतर. शलाकाच्या घरी दोन महिन्यांत तांदूळ विकत आणलेला नव्हता.

मग कॅप्टन रेवती प्रधान आल्या. विमान वाहतूक खात्याच्या तपासणी अधिकारी, पन्नाशीच्या, बारीक कापलेल्या पांढऱ्या केसांच्या. कायमच्या परवानगीवर त्यांचीच सही लागणार होती. ती मिळाली तर खारेवारेची रोजची नियमित सेवा सुरू होणार होती, नाही मिळाली तर हंगामाअखेर सड्याला कुलूप. त्यांनी उतरलेल्या मोरघारीची एक पेटी उघडली आणि आत बघत राहिल्या.

"हे रिकामं आहे?" त्यांनी विचारलं.

शलाकानं मान डोलावली, कारण स्क्रीनवर तसंच होतं.

"मला कुरड्या आवडतात," कॅप्टन प्रधान शांतपणे म्हणाल्या. "पण तुमचं यंत्र शिकणारं आहे. त्याला खोटं सांगाल तर ते खोट्यावर उडायला शिकेल. पुढच्या आठवड्यात मी परत येते. सलग तीन दिवस प्रत्येक विमान इथून तिथे आणि तिथून इथे धड उतरलं, आणि सांगितलेलं वजन खरं निघालं, तर सही. नाहीतर नाही."

शलाकाची कानशिलं तापली. चारचौघांत शोभा झाली होती, आणि तो राग कुणावर तरी काढायला हवा होता. पाहुण्यांची जीप वळणाआड जाते न जाते तोच तिनं सगळ्यांदेखत आत्याला फोन लावला. हा काय बायकांचा हळदीकुंकू समारंभ आहे का, इथपासून सुरुवात करून ती म्हणाली, "उद्यापासून पेटीत तांदळाचो एक दाणो दिसलो, तर मी शेड बंद करतलंय."



"बरा, मॅडम," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.

लहानपणी तापात उशाशी बसलेली, पहिल्या नोकरीच्या वेळी स्वतःच्या हातानं लाडू बांधून देणारी आत्या. तिनं मॅडम म्हटलं, आणि ते शलाकाला थोबाडीत मारल्यागत लागलं. पण आपलं काय चुकलं, असं मनाशी म्हणत ती कामाला लागली.

दुसऱ्या दिवसापासून पेट्या खरोखर रिकाम्या निघू लागल्या. आणि त्याच संध्याकाळी कापशी परतीच्या वाटेवर पडली.

पडली म्हणजे मोडली नाही. वाटेत वाघदऱ्याची खिंड लागते. तिथे कडा आत वळतो आणि मधल्या मोकळ्या जागेत वारा चढत नाही, उलट खाली बुडतो. विमानानं अलीकडच्या कड्यावर पुरेशी उंची घ्यायची, खिंडीवरून पलीकडे घसरायचं आणि पलीकडचा चढता वारा पकडायचा. दोन महिन्यांत चारही विमानांनी ही खिंड रोज ओलांडली होती. कापशीनं ती नेहमीच्याच उंचीवरून ओलांडायला घेतली, पलीकडे पोचण्याआधी खाली गेली आणि शहाण्या बाळासारखी एका कापणी झालेल्या शेतात उतरली. बाकीची तीन मग मुळशीलाच थांबवली. पुढच्या संध्याकाळी एकटी शिक्रा सोडून बघितली, तर तिचंही तेच झालं.

निरंजननं पंख तपासले, डोळा तपासला, सगळं ठीक. यंत्राला विचारलं तर ते छातीठोकपणे सांगत होतं की रिकाम्या विमानाला ही उंची भरपूर आहे, मी शेकडो वेळा गेलोय. निरंजन दाढी खाजवत म्हणाला की मेलो तरी चालेल हे मी मागे घेतो. कॅप्टन प्रधान दुसऱ्या दिवशी दुपारी यायच्या होत्या. त्यात मुळशीहून निरोप आला की शेवंताताईंनी कामावर यायचं बंद केलंय, आणि बाकीच्या पाचजणीही त्यांच्यामागून गेल्या.

सकाळी शलाका पिकअप घेऊन शिक्राला आणायला स्वतः गेली. खिंडीखालच्या वाडीनं पाहुणीची उत्तम बडदास्त ठेवली होती. ऊन लागू नये म्हणून पंखांवर चक्क गोधड्या घातल्या होत्या. पंख सोडवून गाडीत भरले, मग पेट्या. शेवटची पेटी उचलताना शलाकाच्या हाताला हिसका बसला. उघडून बघते तर आत नाचणीची पिशवी आणि कैऱ्या. शेताची मालकीण पदर खोचून बाजूलाच उभी होती. शलाकाच्या चेहऱ्याकडे बघून तिलाच नवल वाटलं.

"पावनं दारात उतारलं," ती म्हणाली, "आन् रिकाम्या हातानं जायाचं व्हय?"

शलाका हसायला लागली. कुठे मुळशी, कुठे हे वाघदरं, आणि वाक्य तेच. हसता हसता ती एकदम थांबली.

दोन महिने पेट्या भरलेल्या येत होत्या, आणि विमानं खिंड ओलांडत होती. दोन दिवस पेट्या रिकाम्या, आणि दोन्ही विमानं शेतात. मधे दुसरं काहीही बदललेलं नव्हतं. तुमचं यंत्र खोट्यावर उडायला शिकेल, असं कॅप्टन प्रधान म्हणाल्या होत्या. ते आधीच शिकून बसलं होतं. त्याला 'रिकामं' म्हणून सांगितलेलं एकही विमान आजवर कधी रिकामं नव्हतंच.

तिनं तिथूनच निरंजनला फोन केला. तो इतक्या जोरात हसला की शेतमालकिणीलाही ऐकू गेलं. आपण किती गाढव आहोत हे त्यानं अगदी मनापासून समजावून सांगितलं. उतारावरून दोन सारख्या सायकली सोडल्या आणि एकीवर पोतं असलं, तर पोतंवाली पुढे जाते. हवा दोघींना सारखीच अडवते, पण जड सायकलीला मागून रेटा जास्त. विमानाचंही तसंच. चढत्या वाऱ्यात हलकं विमान बरं, पण बुडत्या वाऱ्यातून जितकं झटकन निसटावं तितकं चांगलं, आणि वेगानं घसरायचं तर अंगात वजन हवं. स्पर्धेतले वैमानिक पंखांत पाणी भरतात ते याचसाठी. हे त्याला कॉलेजात असल्यापासून ठाऊक होतं. संध्याकाळच्या मंद वाऱ्याची काळजी करता करता तो खिंड विसरला होता, आणि त्याची चूक रोज संध्याकाळी तांदूळ-वालांनी भरून निघत होती.

त्यानं लगेच जुन्या फेऱ्यांच्या वेगावरून उलटा हिशेब मांडला. परतीला सरासरी ऐंशी किलो भरत होते. मधेच त्यानं विचारलं, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी एकशे वीस कशाला?

"फणस," शलाका म्हणाली.

आता करायचं काय ते स्पष्ट होतं. परतीच्या विमानात ऐंशी किलो, पुढे-मागे सारखे वाटून, काट्यावर मोजून आणि यंत्राला खरं सांगून. पण मुळशीच्या शेडमध्ये ते भरायला माणूस नव्हता. होता, पण तो रुसलेला होता. शलाकानं गाडीच्या फाळक्यावर बसून नंबर लावला.

"आते," ती म्हणाली, "माझा चुकला."

आत्यानं फोन ठेवला नाही. शलाकानं सगळं सांगितलं. खिंड, सायकल, पोतं. तुला चारचौघांत बोलले तशी चारचौघांत सॉरीही म्हणेन, स्पीकरवर म्हणेन, पण आज मला तू हवीस, असंही सांगून टाकलं. सांगताना तिचा आवाज फुटला आणि तिनं तो लपवला नाही.

"काय भरू?" आत्यानं विचारलं.

"वाळू भर. ऐंशी किलो."

"वाळू?" आत्याचा आवाज एकदम पूर्वीसारखा झाला. "आपल्या माणसांका पेट्यो भरान वाळू कोण धाडता गो? ता माझ्यान होवचा नाय."

"मगे तुका होया ता भर. पण काट्यार घाल, आणि माका खरा वजन सांग."

"सांगतंय," आत्या म्हणाली. "ग्रॅमापर्यंत सांगतंय. तुझ्या त्या यंत्राक पण सांग, ह्या आत्येन धाडल्यान म्हणान."

त्या संध्याकाळी सड्यावर कुणी खाली बसलं नाही. मोरघार परतीला निघाली होती. मुळशीहून वजन आलं होतं, पेटीगणिक. निरंजननं यंत्राला जुने सगळे धडे खऱ्या वजनांनिशी नव्यानं शिकवले होते. कॅप्टन प्रधान हात मागे बांधून स्क्रीनसमोर उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती.

वाघदऱ्याच्या अलीकडे मोरघारीनं दोन घिरट्या घालून उंची घेतली. आता ती नेहमीसारखी संथपणे खिंडीवर निघेल असं सगळ्यांना वाटलं. तिनं नाक खाली केलं आणि सूर मारला. यंत्राला आता ठाऊक होतं की आपल्या अंगात वजन आहे. वेगाचा आकडा चढत गेला, उंचीचा उतरत गेला. कुणीतरी रामराम म्हणायला लागलं. शलाकानं निरंजनचं मनगट इतकं घट्ट धरलं की पुढे दोन दिवस त्यावर वळ होते. बुडत्या वाऱ्यानं मोरघारीला खाली दाबलं, पण दाबायला त्याला वेळ पुरला नाही. ती पलीकडच्या कड्यावर पोचली, चढता वारा पोटाखाली आला आणि उंचीचा आकडा थबकला, मग वर सरकायला लागला.

सड्यावर एकच गिल्ला झाला. निरंजन चक्क नाचला, आणि त्याला नाचता येत नाही हे सगळ्यांना कळलं. थोड्या वेळानं उत्तरेच्या आभाळात एक पांढरी रेघ दिसली. मोरघार सड्यावर उतरून थांबली तेव्हा शलाका धावत जाऊन तिच्या गरम पंखाला गाल लावून उभी होती, आणि खुशाल रडत होती.

कॅप्टन प्रधानांनी एकेक पेटी काट्यावर ठेवून घेतली. आंबेमोहोर, वाल, गूळ. प्रत्येक आकडा जुळला. शेवटच्या पेटीत तांदळावर स्टीलचा एक लहान डबा होता. आत्यानं त्याचंही वजन कळवलं होतं आणि सोबत नावही: तपासणीवाल्या बाईंसाठी, कुरड्या.

"हे मला घेता येणार नाही," कॅप्टन प्रधान म्हणाल्या.

"मोजलेलं आहे," शलाका डोळे पुसत म्हणाली. "सांगितलेलंही आहे. ठेवून घेतलं नाहीत तर ते तुम्ही आत्यालाच सांगा. मी एकदा सांगून बघितलंय."

कॅप्टन प्रधानांनी शलाकाच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि डबा बगलेत मारला.

पुढचे दोन दिवस चारही विमानं मोजलेलं वजन घेऊन खिंडीवरून अशी सुसाट आली की बघणाऱ्यांना सवय झाली. तिसऱ्या संध्याकाळी सही झाली. शलाकानं मुळशीला फोन लावून स्पीकर चालू केला आणि सगळ्या सड्यादेखत आत्याची माफी मागितली. आत्या म्हणाली, "बरा, बाय," आणि मग सगळ्यांची चौकशी करत इतकं बोलली की फोन बॅटरी संपूनच बंद झाला.

नियमित सेवेचं पहिलं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी निघायचं होतं. माल चढला, सगळे नेहमीसारखे पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले. परत निघालेल्या कॅप्टन प्रधानांची जीप सड्यापाशी थांबली. त्या उतरल्या, काट्याकडे आल्या आणि बगलेतला स्टीलचा डबा त्यावर ठेवला. झाकण उघडून दाखवलं. आत साखर होती, आंबोलीच्या दुकानातून आणलेली.

"साखर, पाव किलो," त्या काट्याकडे बघत म्हणाल्या. "डब्याचं वजन वेगळं धरा. यंत्राला सांगा."

शलाकानं यंत्राला सांगितलं. तेवढ्यात तिच्या गालाला वारा लागला आणि तिनं हात वर केला.